हप्ता तीन दिवस उशिरा, दंड मात्र अख्ख्या हप्त्याएवढा

प्रश्न : मी खासगी कंपनीत नोकरी करतो. डिसेंबर 2024 मध्ये एका फायनान्स कंपनीकडून पर्सनल लोन घेतलं. हप्ता ₹8,640, दर महिन्याच्या 5 तारखेला जुन्या सॅलरी अकाउंटमधून कापला जातो. मध्यंतरी नोकरी बदलली. नवीन पगार 7 तारखेला दुसऱ्या बँकेत जमा होतो. त्यामुळे सलग तीन महिने हप्ता बाउन्स झाला. दर वेळी 8 तारखेला मी यूपीआयने पूर्ण हप्ता भरला. तरीही फायनान्स कंपनीने 5 आणि 6 तारखेला, असा महिन्यातून दोनदा हप्ता लावला आणि प्रत्येक बाउन्सला ₹590 घेतले. शिवाय ‘दंड’ म्हणून दरमहा ₹450 अधिक जीएसटी ₹81 लावले आणि न भरलेल्या दंडावर पुढच्या महिन्यात व्याजही धरलं. जुन्या बँकेने प्रत्येक बाउन्सला ₹295 लावले. वर मिनिमम बॅलन्स नाही म्हणून दोनदा ₹590 लावले, त्यात खातं मायनसमध्ये गेलं. वसुलीवाला फोनवर पोलिसांची भीती घालतो. घरी कुणाला सांगितलेलं नाही. हप्ते भरणं थांबवून भांडू का?

उत्तर : पहिली गोष्ट, हप्ता थांबवू नका. दंडाचा वाद आणि हप्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्याच ठेवा. आज तुमची बाजू भक्कम आहे, कारण तीनही महिने तुम्ही तीन दिवसांत पूर्ण हप्ता चुकता केलात. हप्ता थांबवलात की ही बाजू गेली, आणि 90 दिवस थकला की कर्ज एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्जांत, धरलं जातं.

आता पोलिसांचं, कारण झोप त्यानेच उडाली असणार. खात्यात पैसे नसल्यामुळे नॅचचा, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा, हप्ता परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 चं कलम 25 लागू होऊ शकतं, हे खरं आहे. चेक बाउन्सच्या कलम 138 सारखंच ते आहे. पण त्यासाठी हप्ता परत गेल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत कंपनीने तुम्हाला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तरच गुन्हा होतो. तुम्ही तर तिसऱ्या दिवशीच पैसे दिलेत. शिवाय असा खटला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर लेखी तक्रारीने चालतो. फोन करून पोलीस घरी पाठवता येत नाहीत. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायलाही रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. पुढचा फोन आला की तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेवा. घरच्यांनाही सांगून टाका. यात लपवण्यासारखं काही नाही आणि एकट्याने हे ओझं वाहू नये.

तुम्ही पाठवलेल्या आकड्यांची मी बेरीज केली. बँकेचे बाउन्सचे ₹1,770, मिनिमम बॅलन्सचे ₹1,180, कंपनीचे बाउन्सचे ₹3,540 आणि दंडाचे ₹1,593. एकूण ₹8,083. तीन दिवसांच्या उशिराची ही किंमत पाहून मलाही वाईट वाटलं. तरी यातलं सगळंच बेकायदा आहे असं मी सांगणार नाही. हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे नव्हते ही चूक तुमच्या बाजूची आहे. दर महिन्याच्या पहिल्या बाउन्सचं शुल्क करारात आणि बँकेच्या दरपत्रकात लिहिलेलं असेल तर ते द्यावं लागेल. खरी लढाई उरलेल्या रकमेची आहे.

सगळ्यात कच्ची बाजू आहे ती फायनान्स कंपनीच्या दंडाची. 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ‘दंडव्याज’ हा प्रकारच बंद केला. नव्या कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला, म्हणजे तुमचं कर्ज त्यात येतं. उशिरासाठी ठरावीक दंड शुल्क लावता येतं, पण ते जेवढी चूक तेवढ्याच प्रमाणात आणि वाजवी हवं, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावता येत नाही. तुमच्या स्टेटमेंटमध्ये दुसऱ्या महिन्यात दंडाची रक्कम थकबाकीत मिळवून त्यावर व्याज धरलेलं दिसतं. रक्कम किरकोळ असली तरी नियमाचा भंग तिथे उघड दिसतो, म्हणून त्या ओळीला लाल पेनाने खूण करा. जीएसटीचंही तसंच. कर्जाच्या अटी मोडल्याबद्दल बँका आणि फायनान्स कंपन्या जो दंड घेतात त्यावर जीएसटी लागत नाही, हे 28 जानेवारी 2025 च्या परिपत्रकाने स्पष्ट झालेलं आहे. दरमहा ₹81 प्रमाणे ₹243 परत मागा.

दुसरं हत्यार तुमच्या फाइलमध्येच आहे. कर्ज घेताना ‘केएफएस’ नावाचा तक्ता मिळाला असेल. कर्जाची मुख्य माहिती त्यात एकत्र असते. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर झालेल्या रिटेल, म्हणजे व्यक्तींना दिलेल्या, कर्जांसाठी हा तक्ता नव्या नमुन्यात देणं बंधनकारक आहे, आणि जे शुल्क त्यात लिहिलेलं नाही ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. बाउन्सचे ₹590 आणि दंडाचे ₹450 त्यात आहेत का, ओळ न् ओळ वाचून बघा. तक्ता सापडत नसेल तर ईमेलने प्रत मागा.

एकाच हप्त्यासाठी लागोपाठ दोन दिवस खात्यावर मागणी टाकणं मला अजिबात पटत नाही. 5 तारखेला पैसे नव्हते, तर 6 तारखेला कुठून येणार? त्या दुसऱ्या बाउन्सचे कंपनीने ₹590 आणि बँकेने ₹295 घेतले. तीन महिन्यांचे झाले ₹2,655. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी तो कमाल मर्यादा असतो. मिळते ती वाजवी भरपाईच. आणि कलम 73 सांगतं की नुकसान टाळायचे जे मार्ग हाताशी होते तेही विचारात घ्यायचे. एक फोन करून ‘पगार कधी होतो?’ विचारणं हा मार्ग कंपनीच्या हातात होता. हा मुद्दा युक्तिवादाचा आहे, जीएसटीसारखा छापील नियम नाही, पण ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांपुढे तो नक्की मांडावा.

आता जुन्या बँकेचं. नोकरी सुटल्यावर काही महिने पगार जमा झाला नाही की सॅलरी अकाउंट साधं बचत खातं होतं आणि मिनिमम बॅलन्सची अट लागते. हे बहुतेकांना पहिला दंड कापल्यावरच कळतं. मात्र 1 एप्रिल 2015 पासून लागू असलेला नियम असा, की शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, भरपाईला एक महिना द्यायचा आणि मगच दंड लावायचा. दंड जेवढी शिल्लक कमी पडली त्या प्रमाणात हवा. आणि निव्वळ या दंडामुळे खातं मायनसमध्ये जाता कामा नये. खातं मायनसमध्ये दिसतं म्हणून तुम्ही ओव्हरड्राफ्ट घेतला असं होत नाही. ओव्हरड्राफ्ट हे कर्ज आहे, ते मागावं लागतं आणि मंजूर व्हावं लागतं. बँकेला एकच विचारा : मला आगाऊ सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर पाठवली? उत्तर आलं नाही तर ₹1,180 परत मिळण्याची शक्यता चांगली आहे.

दोघांनाही वेगवेगळं पत्र द्या. फोनवर बोलून काही हाती लागत नाही. फायनान्स कंपनीला साधारण असं लिहा : ‘अमुक कर्ज खात्यात मी तीनही महिन्यांचे हप्ते 8 तारखेला भरले आहेत, पावत्या सोबत आहेत. दंडावर आकारलेलं व्याज, दंडावरील जीएसटी ₹243 आणि एकाच हप्त्याच्या दुसऱ्या मागणीचे ₹1,770 परत करावेत. उरलेल्या प्रत्येक आकारणीचा आधार केएफएसमधील कलमासह कळवावा.’ ईमेल तक्रार निवारण अधिकाऱ्याला करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार करा. त्याला पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात. पण आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल.

दरम्यान यूपीआयने हप्ता भरताना शेऱ्यात ‘अमुक महिन्याचा हप्ता’ एवढं लिहाच. करारात वेगळी अट नसेल तर करार कायद्याच्या कलम 59 प्रमाणे पैसे कोणत्या देण्यात धरायचे हे तुम्ही सांगू शकता. नाहीतर कंपनी ते आधी दंडात वळवते आणि हप्ता पुन्हा अपुरा दिसतो. क्रेडिट रिपोर्टही मागवा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. भरलेला हप्ता थकलेला दाखवला असेल तर दुरुस्तीची तक्रार करा. 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाई मिळते.

आणि मूळ दुखणं याच आठवड्यात मिटवा. हप्त्याची तारीख 10 करून मागा आणि नवीन पगाराच्या खात्यावर मँडेट, म्हणजे हप्ता कापायची परवानगी, नोंदवा. सुट्टीच्या भरवशावर राहू नका; 1 ऑगस्ट 2021 पासून नॅचचे हप्ते रविवारीही कापले जातात. नवीन मँडेटवरून एक हप्ता नीट गेलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुनं खातं बंद करू नका.