लेनी ब्रूस या अमेरिकन कॉमेडियनला विनोदासाठी खरंच तुरुंगवासाची शिक्षा झाली होती का?

हो, झाली होती. पण ती भोगायची वेळ आली नाही, कारण अपील लटकलेलं असतानाच तो गेला.

खरं नाव लिओनार्ड श्नायडर, जन्म 1925, न्यूयॉर्कजवळचा. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता, मग नाइटक्लबांत कार्यक्रम करायला लागला. धर्म, वंशभेद, सेक्स, काहीच सोडायचा नाही. फेब्रुवारी 1961 मध्ये भर हिमवादळात मध्यरात्री कार्नेगी हॉलला त्याचा शो झाला, आणि लोक आले! त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत अश्लीलतेसाठी अटक झाली. तिथे ज्युरीने सोडलं.

न्यूयॉर्कचा 1964 चा खटला मात्र भारी पडला. परवाना खात्याचा एक इन्स्पेक्टर शोमध्ये बसून टिपणं काढून गेला आणि कोर्टात त्याने त्यावरून ब्रूसचे विनोद स्वतःच सादर केले. ब्रूसची तक्रार अशी की, हा माणूस माझा कार्यक्रम वाईट करतोय आणि शिक्षा मला होणार! झालीही, चार महिन्यांची.

पुढे क्लबवाले त्याला बोलवेनात. स्टेजवर तो खटल्याचे कागद वाचून दाखवायचा. माझ्या मते इथेच त्याच्यातला विनोदवीर संपला; लोक हसायला आले होते, वकिली ऐकायला नाही. ऑगस्ट 1966 मध्ये मॉर्फिनच्या अतिसेवनाने वारला, वय जेमतेम 40. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने माफी दिली ती 2003 मध्ये.