बँकेत जमा झालेली रक्कम म्हणजे विक्री नव्हे

ऑनलाइन दुकानाचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोडताना काय अडतं, याबद्दल वाचकांनी विचारलेले चार प्रश्न आज घेतले आहेत.

प्रश्न: दोन्ही सॉफ्टवेअर जोडून तीन महिने झाले. विक्रीचा आकडा आणि बँकेत आलेली रक्कम एकदाही जुळली नाही. जोडणी चुकली आहे का?

जोडणी बहुधा ठीक आहे. हे दोन आकडे सारखे नसतातच. ते सारखे दिसावेत म्हणून कुणीतरी विक्रीचा आकडा 'दुरुस्त' करायला घेतो आणि तिथून खरा घोळ सुरू होतो.

समजा, एका दिवशी 1000, 1500 आणि 500 अशा तीन ऑर्डरींचे पैसे आले आणि माल त्याच दिवशी रवाना झाला. विक्री झाली 3000. त्याच दिवशी जुन्या ऑर्डरीचा 400 चा परतावा गेला. पेमेंट गेटवेने, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या बँकेत पोचवणाऱ्या सेवेने, 2 टक्के शुल्क, म्हणजे 60, कापून घेतलं. दोन दिवसांनी बँकेत आले 2540. हीच रक्कम विक्री म्हणून लिहिली, तर विक्री 460 ने कमी दिसेल, शुल्काचा खर्च दिसणारच नाही आणि कराचा हिशेबही चुकेल.

यावर उपाय म्हणजे मधलं एक खातं. त्याला क्लिअरिंग खातं म्हणतात. प्रत्येक गेटवेसाठी वेगळं उघडा. विक्री झाली की हे खातं 3000 ने नावे आणि विक्री जमा. परतावा, शुल्क आणि बँकेत पोचलेली रक्कम या तिन्ही नोंदींत क्लिअरिंग खातं जमा: 400, 60 आणि 2540. बेरीज 3000, शिल्लक शून्य. एखाद्या दिवशी तिथे 800 उरले, तर ते गेटवेकडून यायचे आहेत किंवा एखादी नोंद राहून गेली आहे. महिनाअखेरीला मी सगळ्यात आधी हेच खातं उघडतो.

पैसे आधी येऊन माल नंतर जाणार असेल, तर तोवर ती रक्कम ग्राहकाकडून मिळालेली आगाऊ रक्कम, म्हणजे तुमच्यावरचं देणं. 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या आयएफआरएस 15 या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय मानकातही मालाचा ताबा ग्राहकाकडे गेल्यावरच विक्री धरली जाते. त्यामुळे नोंद कोणत्या टप्प्यावर व्हावी, हे जोडणीच्या सेटिंगमध्ये स्वतः ठरवा. 'ऑर्डर आली' हा टप्पा आपोआप निवडलेला असेल, तर तो तसाच सोडू नका.

प्रश्न: प्रत्येक ऑर्डरीची वेगळी नोंद करावी की दिवसाची एकच?

रोज हातावर मोजण्याइतक्या ऑर्डरी असतील तर वेगळी नोंद चालते. शेकड्यांनी असतील तर माझं मत रोजच्या एकत्रित नोंदीच्या बाजूने आहे, मात्र गेटवेनुसार आणि कराच्या दरानुसार फोड करून. तपशील ऑर्डरच्या सॉफ्टवेअरमध्ये असतोच. उधारीवर माल घेणाऱ्या ग्राहकांची बिलं मात्र एकेकच टाका, नाहीतर येणी कुणाकडून आहेत ते कळणार नाही.

एकत्रित नोंदीत दिवस कुठे संपतो, हेही बघा. गेटवेचा अहवाल यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेनुसार आणि दुकान स्थानिक वेळेनुसार चालत असेल, तर महिन्याच्या शेवटच्या रात्रीच्या ऑर्डरी एकीकडे या महिन्यात आणि दुसरीकडे पुढच्या महिन्यात दिसतात. एका दुकानाच्या हिशेबातला असाच फरक शोधताना माझा अख्खा दिवस गेला होता.

प्रश्न: काही ऑर्डरींची बिलं दोनदा तयार होतात. कारण काय?

ऑर्डरची खबर हिशेबाकडे बहुतेक वेळा वेबहुकने, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला आपोआप पाठवलेल्या संदेशाने, जाते. समोरून वेळेत 'मिळाली' असं उत्तर आलं नाही, की तीच खबर पुन्हा पाठवली जाते. स्ट्राइप हा पेमेंट गेटवे तर प्रत्यक्ष व्यवहारांच्या बाबतीत तीन दिवसांपर्यंत प्रयत्न करत राहतो. म्हणजे एकच खबर दोनदा येणं हा बिघाड नाही, ते गृहीतच धरायचं असतं. बिल बनवण्याआधी 'या क्रमांकाचं बिल आहे का?' ही तपासणी हवी. त्यासाठी ऑर्डर क्रमांक पुरत नाही. एक ऑर्डर दोन पार्सलांत गेली तर दुसरं बिल अडून बसेल. पार्सलाचा क्रमांक धरा.

आधीची दुहेरी बिलं सरळ पुसू नका, विशेषतः त्या महिन्याचं कर विवरण भरून झालं असेल तर. ते बिल रद्द करणारी उलटी नोंद करा आणि तिच्यात मूळ बिलाचा क्रमांक लिहा. हाताने बिल बनवायची कुणाची जुनी सवय अजून सुरू नाही ना, हेही विचारा. पुष्कळदा कारण तिथेच सापडतं.

प्रश्न: परत आलेल्या मालाची नोंद कशी करावी?

पैसे परत जाणं आणि माल परत येणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांची नोंदही वेगळी. पैशासाठी मूळ बिलाला जोडलेली क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, तीही मूळ बिलातल्याच करदराने. माल साठ्यात घ्यायचा तो कुणीतरी उघडून पाहिल्यावरच. 'परतावा दिला की साठा वाढव' अशी सेटिंग चालू असेल तर ती आजच बंद करा. फुटलेला माल कागदावर विकायला तयार दिसतो आणि पुढच्या ग्राहकाची ऑर्डर त्याच नगावर घेतली जाते.