कलर पेन्सिलने प्राणी काढताना ब्लेंडिंगला बेबी ऑइल चालतं का? क्लासमध्ये म्हणतात लिक्विड लावणं म्हणजे चीटिंग.

बेबी ऑइल नको. ते उडून जात नाही, कागदात मुरत राहतं आणि मागून तेलकट डाग दिसतो. पण मला बोलायचंय ते चीटिंगवर, कारण हे मी चारचौघांत ऐकून घेतलंय.

मामाकडे पंढरपुरी म्हैस होती, शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली. तिचं चित्र घेतलं होतं करायला. काळी म्हैस नुसत्या काळ्या पेन्सिलने रंगवली की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून खाली इंडिगो, त्यावर डार्क ब्राऊन, पाठीवर आभाळाचा उजेड पडतो तिथे फिकट निळा, आणि काळा अगदी शेवटी, तोही कानामागे नि पोटाखालीच. पहिले थर झाल्यावर ओडरलेस थिनरमध्ये, म्हणजे ऑइल पेंट पातळ करायच्या बिनवासाच्या द्रावणात, ब्रश बुडवायचा, टिश्यूला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फिरवायचा. पेन्सिलीतलं मेण सुटतं, रंग कागदाच्या खळग्यांत बसतो, पांढरे ठिपके जातात, आणि मुख्य म्हणजे कागदाचा दाणा, म्हणजे त्याचा खरखरीतपणा, शिल्लक राहतो, म्हणजे वाळल्यावर वरून केस काढता येतात. म्हशीचे केस विरळ, खालची कातडी चकाकते, त्यामुळे खाली गुळगुळीत नि वर मोजकेच टोकदार केस असंच लागतं.

तर आमचे सर आले, बघितलं, आणि म्हणाले थिनरच लावायचा तर सरळ ऑइल पेंटिंग कर की, ही चीटिंग आहे. त्यांचं एकच, पांढऱ्या पेन्सिलने दाबून घासून गुळगुळीत करा, म्हणजे बर्निश करा. अहो, पण बर्निश केलं की दाणा बुजतो, पुढचा थर धरतच नाही, आणि काळ्यावर पांढरं घासलं की म्हैस राखाडी! थिनर लावला की चीटिंग, मग पांढरी पेन्सिल घासली की काय होतं? केस कुठे वळतात ते थिनर थोडंच सांगतो, ते बघावंच लागतं.

बर्निश डोळ्याला आणि ओल्या नाकपुडीला करा, तिथे वर काही यायचं नसतं. मिशांसाठी रंग लावायच्या आधीच संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबून ठेवा, वरून पेन्सिल आडवी फिरवली की ती पांढरी राहते, पण तिथे थिनर नेऊ नका, रंग रेघेत उतरतो.

हां, आणि हे सगळं जाड कागदावर, दोनशे जीएसएमच्या (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) वरच. पॉलीक्रोमोस ब्रँडच्या पेन्सिली तेलाच्या, प्रिझ्माकलरच्या मेणाच्या, दोन्हींवर थिनर चालतो, शाळेच्या स्वस्त पेन्सिलीत रंगच कमी असतो त्यामुळे फार अपेक्षा नको. खिडकी उघडी ठेवा, ओडरलेसला वास नसला तरी वाफ असतेच. रॉकेल तर अजिबात नको.

आणि क्लासमध्ये परत कोणी चीटिंग म्हणालंच, तर बर्निश केलेल्या जागेवर त्यांना एक केस काढून दाखवायला सांगा. आमच्या सरांना मी सांगितलं होतं, पेन्सिल नुसती घसरत होती, मग म्हणाले टोक नीट केलेलं नाहीये.