गायगर काउंटर सेकंदाला १०च काउंट दाखवतो, म्हणजे एक्स-रे नगण्य का?

तुमचा प्रश्न असा: लेझरचा झोत टार्गेटवर मारून प्लाझ्मा (तप्त, विद्युतभारित वायू) बनवतात त्या चेंबरजवळ गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, धरला, तर सेकंदाला जेमतेम १० काउंट आले, म्हणजे काळजीचं कारण नाही ना?

तुमचा लेझर १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १० शॉट मारणारा आहे, पैज लावतो. ५ हर्ट्झवर चालवून बघा, काउंटही पाचावर येतील. गायगरची नळी एकदा पेटली की साधारण १०० मायक्रोसेकंद आंधळी असते आणि लेझरच्या एका शॉटमधले एक्स-रे पिकोसेकंदांत आटोपतात. तेवढ्यात एक फोटॉन आला काय नि लाख आले काय, टिक एकच. तुम्ही एक्स-रे नाही, शॉट मोजलेत. अंगावर पडणारा डोस मोजायला ऊर्जा साठवत जाणारं साधन हवं. आपल्याकडे किरणोत्सर्गाजवळ काम करणारे लावतात तो टीएलडी बॅज त्यातलाच: आत डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, ऊर्जा क्षणात आली की दिवसभरात, त्यांना फरक पडत नाही.

स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किती फोटॉन याचा आलेख, घेतानाही हाच घोळ होतो. मी पीएचडीला असताना तांब्याच्या टार्गेटसमोर सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर लावला; त्यातला स्फटिक फोटॉन आला की चमकतो आणि चमकेवरून ऊर्जा कळते. ५०० केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) पुढेही भरघोस काउंट! नाचतच गाईडकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "किती शॉटना काउंट येतोय?" म्हटलं, "सर, जवळजवळ प्रत्येक." "मग हा स्पेक्ट्रम नाही, बेरीज आहे. शिसं लाव."

या स्फटिकाची चमक २५० नॅनोसेकंद टिकते. १०० केईव्हीचे पाच फोटॉन एकदम आले की त्याला ५०० केईव्हीचा एकच दिसतो. मग डिटेक्टर लांब नेला, शिशाच्या विटा रचून मध्ये बारीक भोक ठेवलं. १० शॉटमागे एक काउंट येईपर्यंत हाच खेळ. एवढं विरळ केलं की काउंट आलेल्या शॉटपैकी फक्त ५ टक्क्यांत फोटॉन एकत्र सापडतात. तासाला ३६०० काउंट, त्यामुळे रात्री जागाव्या लागतात. माझ्या स्पेक्ट्रमचं ५०० केईव्हीपुढचं ते लांबलचक शेपूट बहुतेक गळून पडलं.

सेकंदाला एकच काउंट म्हणजे कॉस्मिक किरणांत आणि भिंतीतल्या पोटॅशियमच्या गॅमात तो हरवणारच. म्हणून प्रत्येक शॉटभोवती २ मायक्रोसेकंदांचीच खिडकी उघडायची. पार्श्वभूमीचे सेकंदाला २०० काउंट धरले, तरी खिडकीत तासाला १४च शिरतात. ऊर्जेची मोजपट्टी सीझियमच्या ६६२ आणि कोबाल्टच्या ११७३, १३३२ केईव्हीच्या रेषांवरून आखायची.

अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीसारख्या महाकाय लेझरच्या ठिकाणी दिवसाला मोजकेच शॉट होतात, तिथे हे जमत नाही. अशा वेळी जाडी वाढत जाणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमागे इमेज प्लेट (फिल्मसारखी, एक्स-रेचा ठसा साठवणारी पाटी) लावतात आणि कुठल्या पट्टीमागे किती उमटलं यावरून ऊर्जांचा अंदाज बांधतात.

आणि हो, ऑसिलोस्कोपवर शॉटबरोबर दिसणारी प्रत्येक उडी एक्स-रेची नसते. प्लाझ्मातून विद्युतचुंबकीय झटकाही निघतो आणि केबल त्याचा अँटेना होते. डिटेक्टरसमोर १० सेंटिमीटर शिसं ठेवा. उडी तशीच राहिली, तर आधी केबलकडे बघा.