ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलताना

भावा, ऑटोमॅटिक डंपरला पहिल्यांदा हात लावतोयस, तर साधं गिअर ऑइल आधी डोक्यातून काढून टाक. इथं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड लागतं, तेही कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. 'चालतंय की' म्हणणारे साताऱ्यात गल्लोगल्ली भेटतील. क्लचप्लेटा जळाल्या की त्यातला एकही फिरकत नाही.

गाडी खंबाटकी घाट चढून आली असेल तर लगेच तेल काढायचा खालचा प्लग खोलू नकोस, हात भाजेल. कोमट असताना काढ, म्हणजे गाळही येतो. प्लगच्या चुंबकावर बारीक करडा चिखल असतोच, त्याचं काही नाही. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर मालकाला तिथंच बोलावून दाखव, नंतर सांगून कुणी ऐकत नाही. तेल काळपट, करपल्याच्या वासाचं असेल तर प्लेटा घसरतायत. दुधट दिसलं तर पाणी शिरलंय, बहुतेक तेल थंड करणाऱ्या कूलरमधून. मग नुसतं तेल बदलून भागत नाही.

जुन्या फिल्टरचं सील कधीकधी वरच चिकटून राहतं, तेवढं बघ. नव्या सीलला तेलाचं बोट फिरवून बसव. पुसायला कॉटन वेस्ट नको, धागे व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, त्यातलं तेल प्लगमधून निघत नाही. त्यामुळे पुस्तकातली पूर्ण क्षमता ओतलीस तर जास्त होऊन फेस येणार. निघालेलं मोज, साधारण तेवढंच भर. मग सपाट जागा, चाकांना दगड, हँडब्रेक, न्यूट्रल, इंजिन आयडलला आणि तेल तापलेलं. तेव्हाची डिपस्टिकवरची खूण खरी.