पहिल्या रुग्णाआधी कोडबुक

अगं,

मेसेज वाचला. नर्सिंगच्या पीएच.डी.च्या मुलींना तू डेटा मॅनेजमेंट शिकवायला उभी राहतेस आणि त्या विचारतात, "मॅडम, एसपीएसएस कधी?" म्हणून तूच डगमगलीस! एसपीएसएस, ते आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, राहू दे. आधी कोडबुक. पहिल्या रुग्णाची नोंद होण्याआधी कोडबुक: कुठल्या रकान्यात काय भरायचं, कुठल्या आकड्याचा अर्थ काय, ते लिहून ठेवलेलं.

जीसीएसच घे, रुग्ण किती शुद्धीवर आहे ते मोजायचं स्केल. बेरीज ३ ते १५, शून्य त्या स्केलमध्ये नाहीच. पण श्वासाची ट्यूब टाकल्यामुळे बोलू न शकणाऱ्या रुग्णाचा व्हर्बल स्कोअर, म्हणजे बोलण्याचे गुण? एक जण १ लिहिते, दुसरी रकाना मोकळा सोडते, तिसरी चक्क ० टाकते. बेडपाशी उभ्या असताना तिघींनाही ठाऊक असतं की ट्यूबमुळे तपासता आलं नाही. वर्षभराने फाइल उघडल्यावर कोणाला आठवणार? ब्रेडन स्केलमध्ये आकडा कमी तितका बेडसोरचा धोका जास्त, पडण्याचा धोका मोजणाऱ्या मोर्स फॉल स्केलमध्ये नेमकं उलटं. आणि रकान्यांची नावं काय, तर 'रिस्क १', 'रिस्क २'. अशा फाइली मी परत पाठवल्या आहेत, पुढेही पाठवीन.

माझ्यामागे काय बोलतात ते मला कळतं. मॅडम कोडबुकसाठी सही अडवतात, मुलींचे महिने वाया घालवतात. घालवते! स्टॅटिस्टिशियन टेस्ट लावून देईल, पण ९९ म्हणजे वय की 'उत्तर दिलं नाही', हे त्याला कोण सांगणार?

आणि या मुलींना यात नवीन काय आहे? चार्टवर चूक झाली तर व्हाइटनर लावत नाहीत. एक रेघ, सही, वेळ. खालचं वाचता आलं पाहिजे. मग त्याच मुली एक्सेलमध्ये मूळ आकडा बिनधास्त पुसतात कशा? मूळ फाइलला हात नाही, दुरुस्ती कॉपीत, कारण कोडबुकात. नर्सेस डेला आपण नाइटिंगेलबाईंचा दिवा मिरवतो. पण सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, हा त्यांचा आराखडा १८६० साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे होता, हे त्या दिवशी कोणी बोलतं का?

रुग्णांची नावं वेगळ्या, पासवर्डच्या फाइलीत. ते एथिक्स कमिटी विचारतेच, त्यावर तास घालवू नकोस.

पहिल्या तासाला लॅपटॉप मिटायला लाव. ट्यूब असलेल्या रुग्णाची एक काल्पनिक केस वाचून दाखव आणि शेजारणीचं न बघता प्रत्येकीला जीसीएस कागदावर लिहायला सांग. मग ते कागद मला पाठव. शून्य कितीजणींनी लिहिलंय ते मला बघायचंय.