जुन्या कुंग फू पिक्चरमध्ये एवढं काय आहे? स्टोरी तर सगळ्यांची एकच असते ना?

स्टोरीचं म्हणणं शंभर टक्के मान्य. गुरूला मारलं, चेला पळाला, कुठल्यातरी दाढीवाल्या म्हाताऱ्याकडे शिकला, परत येऊन बदला घेतला आणि व्हिलन आडवा झाला की तिथेच फ्रेम थांबवून डायरेक्ट समाप्त, मागे कोण जगलं कोण मेलं याची कुणाला पडलेली नाही. पण स्टोरीसाठी बघतंय कोण? कीर्तनाला बसलेल्यांनाही गोष्ट आधीच माहीत असते की.

मी पहिल्यांदा बघितले ते लहानपणी, केबलवाला रात्री लावायचा तेव्हा. आमच्या गल्लीत सगळ्याला सरसकट 'कराटेचा पिक्चर' म्हणायचे, कराटे जपानचं आणि हे हाँगकाँगचं वगैरे कुणाच्या गावीही नव्हतं. भावाने झाडूच्या दांड्याचे दोन तुकडे आणि सायकलची चेन घेऊन नानचाकू बनवला, पहिल्याच दिवशी स्वतःच्या कपाळावर टेंगूळ आणलं आणि आईने दोन्ही दांडके बंबात घातले.

तेव्हा मला फक्त मारामारी दिसायची. मोठेपणी नीट बसून 'थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८, हाँगकाँगची शॉ ब्रदर्स कंपनी) बघितला तेव्हा कळलं की असल्या पिक्चरची खरी मजा शिकण्यात आहे. हिरो सान ते, म्हणजे गॉर्डन लिऊ, शाओलिनला, म्हणजे कुंग फू शिकवणाऱ्या बौद्ध मठात येतो आणि त्याला डायरेक्ट सगळ्यात वरच्या वर्गात बसायचं असतं (आपल्यासारखाच). तिथून फेकला जातो आणि मग अगदी खालून सुरुवात. जेवायला जायच्या वाटेवर पाणी, पाण्यात तरंगणारे ओंडके, त्यावर पाय देऊन पलीकडे जायचं. हा रोज धपकन पाण्यात, बाकीचे भिक्षू टणाटण उड्या मारत जेवायला. पुढे पाण्याच्या बादल्या हात बाजूला ताणून वाहायच्या आणि दंडाला आतल्या बाजूने सुऱ्या बांधलेल्या, म्हणजे हात जरा खाली आला की टोक बरगडीत. पिक्चरचा मधला मोठा भाग हेच चालतं आणि एक मिनिट बोअर होत नाही, कारण तुमचे स्वतःचे खांदे दुखायला लागतात. रियाज स्क्रीनवर दाखवणं किती अवघड असतं बघा, गाण्यावरच्या पिक्चरमध्ये दोन मिनिटांत सूर्य उगवतो आणि हिरो तयार. इथे तो बारा वेळा पडताना दाखवतात, म्हणून तेराव्यांदा पलीकडे गेला की आपणच गेल्यासारखं वाटतं.

आणि हे सगळं डायरेक्टर लाउ कार-लिउंगने हवेतून आणलेलं नाही. त्याचं चक्क घराणं होतं. वोंग फेइ-हुंग हा दक्षिण चीनमधल्या कँटनकडचा खराखुरा वैद्य आणि कुंग फू मास्टर, त्याचा शिष्य लाम साय-विंग, त्याचा शिष्य लाउ चाम आणि त्याचा मुलगा हा कार-लिउंग. १९४९ पासून वोंग फेइ-हुंगवर क्वान ताक-हिंगला घेऊन पिक्चरची लाइनच लागली होती, त्यात छोटीमोठी कामं करत हा वर आला. त्यामुळे त्याच्या फाइटमध्ये कोण कुठल्या पद्धतीने लढतंय याला महत्त्व असतं, नुसती ढिशूम ढिशूम नाही.

दुसरी गोष्ट कॅमेरा. आत्ताच्या ॲक्शनमध्ये एक बुक्की मारायला पाच कट, कोणी कोणाला मारलं ते पिक्चर संपल्यावर मित्राला विचारावं लागतं. इथे कॅमेरा मागे उभा, दोन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात आणि एका शॉटमध्ये दहा-पंधरा वार सलग. म्हणजे ते शरीराला येतच असलं पाहिजे, लपवायला जागाच नाही. जॅकी चॅन, सामो हुंग, युएन बियाओ ही सगळी मंडळी हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेराच्या (म्हणजे गाणं आणि कसरतींचं चिनी संगीत नाटक) एकाच शाळेतली, लहानपणापासून कोलांट्या आणि मार खात मोठी झालेली. वार, वार, वार आणि मग क्षणभर पोझ, ती लय ऑपेरातूनच आलीय. समेवर आल्यासारखं वाटतं ना, तेच ते.

डबिंगवर लोक हसतात, तोंड मिटलं तरी डायलॉग चालूच. कारण शूटिंगच बहुतेक वेळा आवाजाशिवाय व्हायचं, सगळा आवाज नंतर भरायचे, ती नुसती बाही हलली तरी येणारी 'फटाक'सुद्धा. मला तर आता त्या 'फटाक'शिवाय फाइट अळणी लागते. विग भयंकर असतात, विनोद कधीकधी फारच बाळबोध आणि झूम तर असा मारतात की मान मागे जाते. ते सहन करा.

आता कुठून सुरू करायचं म्हणाल तर ब्रूस लीपासून नको, तो ग्रेटच आहे पण त्याच्या पिक्चरमध्ये तो आधीच तयार असतो, शिकणं फार दिसत नाही. 'ड्रंकन मास्टर' (१९७८) घ्या. त्यात तोच वोंग फेइ-हुंग, पण उनाड पोरगा, जॅकी चॅन. डायरेक्टर युएन वू-पिंग आणि दारुडा गुरू झालेला म्हातारा त्याचा स्वतःचा बाप. म्हातारा पोराला पायाने उलटं टांगतो, खाली पाण्याची बादली, वर रिकामी बादली आणि हातात चहाचे एवढेसे कप. खालून पाणी घ्यायचं, पोटाच्या जोरावर वर उठायचं, ओतायचं, परत खाली. वरची बादली भरेपर्यंत.

मी एकदा नुसतं पलंगावरून उलटं लोंबकळून बघितलं. चौथ्यांदा वर उठताच आलं नाही, बायकोला हाक मारावी लागली.